छातीवरचा पट्टा खरं बोलतोय का?



आजचा विषय छोटा आहे. धावताना, सायकल चालवताना हृदयाचे ठोके मोजण्यासाठी छातीला जो पट्टा बांधतात, तो भलतेच आकडे दाखवायला लागला तर काय करायचं?

मी वाराणसीत राहतो. ईसीजीची यंत्रं आणि रुग्णाच्या उशाशी असणारे मॉनिटर दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे सकाळी अस्सी घाटावर किंवा बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात धावायला येणाऱ्या ओळखीच्या लोकांचे पट्टे माझ्याकडे येतात. "का गुरू, ई पट्टा पगला गइल बा," असं म्हणत कोणी तो हातात ठेवतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या आपल्या मराठी घरांतली मंडळीही असतात. तक्रारी तशा चार-पाचच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरच्या घरी मिटतात.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. आकडा विचित्र दिसला की आपण म्हणतो, पट्टा बिघडला. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. कधीतरी मात्र पट्टा खरं सांगत असतो आणि आपण त्यालाच खोटं ठरवून नवा घेतो. म्हणून आज दोन्ही बाजू बघू. पट्टा कसा तपासायचा, आणि पट्ट्यावर विश्वास कधी ठेवायचा.

आधी तो मोजतो काय, हे समजून घेऊ. हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची एक लाट जाते. ती लाट त्वचेपर्यंत पोचते तेव्हा साधारण एक मिलिव्होल्ट उरते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याच्या दीड हजाराव्या हिश्श्याएवढी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला डावी-उजवीकडे जे दोन काळे, रबरासारखे भाग असतात, ते ही एवढीशी वीज उचलतात. मधली डबी तिच्यातलं सर्वांत उंच टोक ओळखते, दोन टोकांमधला वेळ मोजते आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके ते काढून घड्याळाला किंवा मोबाइलला पाठवते. मनगटावरच्या घड्याळाचं काम वेगळं आहे. ते हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची हालचाल बघतं. पट्टा थेट हृदयाची वीज बघतो, म्हणून पट्टा नीट बसला असेल तर धावताना तोच जास्त भरवशाचा.

आता इतकी बारीक वीज उचलायची तर त्वचा आणि रबर यांच्यामध्ये चांगली वाट हवी. ही अडचण फार जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडन इथे विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र उभं केलं, तेव्हा रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. मिठाचं पाणी हाच त्यांचा इलेक्ट्रोड. या कामासाठी त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. पुढे फिनलंडमध्ये १९७७ साली पोलर ही कंपनी निघाली आणि १९८२मध्ये तिने बिनतारी पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ अशी जोडी बाजारात आणली. भांडी गेली, तारा गेल्या. मिठाच्या पाण्याची गरज मात्र गेली नाही. आता ते काम आपला घाम करतो.

हे लक्षात ठेवलं की पहिली तक्रार लगेच सुटते. तक्रार अशी असते: "पहिली दहा मिनिटं वाट्टेल ते आकडे येतात, मग आपोआप ठीक होतं." हा बिघाड नाहीच. घाम यायच्या आधी रबर कोरडं असतं, एवढंच. पट्टा बांधण्याआधी दोन्ही काळे भाग पाण्याने चांगले ओले करा. नुसतं बोट फिरवून भागत नाही. नळाचं पाणी चालतं. शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात क्षार कमी असतात, म्हणून त्यापेक्षा नळाचंच बरं. त्यानेही जमलं नाही तर ईसीजीला लावतात ती जेल औषधाच्या दुकानात मिळते, ती थेंबभर लावा. व्यायाम झाल्यावर मात्र धुऊन टाका.

बनारसच्या हिवाळ्यात ही तक्रार दुप्पट होते, आणि त्याला इथलं एक खास कारण आहे. सरसोंचं तेल. थंडीत अंगाला तेल चोळून मग व्यायामाला उतरायचं, ही इथली जुनी रीत. तुळशी घाटावरच्या आखाड्यात जा किंवा घाटावरच्या एखाद्या पायरीवर बसा, मालिश चाललेली दिसेल. तेल अंगाला चांगलं, पण विजेला ते वाट देत नाही. तेलकट छातीवर ओला पट्टा बांधला तरी पाणी आणि त्वचा यांच्यामध्ये तेलाचा थर राहतो. पट्ट्याची जागा साबणाने धुऊन कोरडी करा, मग पट्टा ओला करून बांधा. आपल्याकडे दिवाळीत अभ्यंग करून धावायला निघणाऱ्यांनाही हेच लागू. कातडी घासली जाऊ नये म्हणून व्हॅसलीन लावणारे पुष्कळ आहेत. ते पट्ट्याच्या कडेला लावा, काळ्या भागाखाली नको. जानवं, गळ्यातली साखळी, ताईत यांतलं काहीही पट्ट्याखाली अडकू देऊ नका. दाट केसांची अडचण असेल तर तेवढ्या जागेचे केस कापून बारीक केले तरी पुरतं.

दुसरी तक्रार: "मधेच आकडा उडतो. चालतोय नुसता, आणि घड्याळ म्हणतं एकशे नव्वद." याचं हिवाळी कारण म्हणजे कपडे. कोरड्या हवेत सैलसर पॉलिएस्टरचा शर्ट छातीवर फडफडतो, पट्ट्यावर घासतो, आणि घर्षणाची वीज तयार होते. रात्री स्वेटर काढताना जी चटचट होते, तीच ही. हृदयाच्या एका मिलिव्होल्टपुढे ती राक्षसासारखी असते आणि डबी तिलाच ठोका समजते. अंगासरशी बसणारा किंवा सुती बनियन घाला, किंवा शर्टाचा पुढचा भाग थोडा ओला करा. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यातही हे होतं. कोकणात, गोव्यात हवा दमट असल्याने हा त्रास क्वचितच.

आकडा उडण्याचं दुसरं कारण ढिला पट्टा. इलॅस्टिक कालांतराने सैल होतं. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, स्त्रियांनी अंतर्वस्त्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली बांधावा. खोल श्वास घेता यावा, पण उड्या मारल्या तर सरकू नये, इतका घट्ट. सगळ्यांचं हृदय छातीत अगदी एकाच कोनात नसतं. म्हणून कोणाला मधोमध नीट सिग्नल मिळत नाही. त्यांनी डबी दोन-तीन बोटं डावीकडे सरकवून बघावी.

उडालेल्या आकड्याकडे नीट बघा, तो काहीतरी सांगत असतो. आकडा बरोबर दुप्पट असेल तर डबी एका ठोक्यातली दोन टोकं मोजत असण्याची शक्यता असते. निम्मा असेल तर ती काही ठोके गाळत असावी. दोन्ही वेळी संशय आधी संपर्कावर घ्यायचा.

तिसरी तक्रार: "आकडा येतच नाही." इथे पहिल्यांदा सेल. बहुतेक डब्यांमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ किंवा सीआर २०२५ लिहिलेलं असतं. यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर आणि २५ म्हणजे २.५. दोन्ही तीन व्होल्टचे आहेत म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकू नका. पातळ सेल ढिला बसतो, जाड कोंबला तर झाकण नीट लागत नाही आणि घाम आत जातो. सेल बदलताना झाकणाची रबरी कडी जागेवर आहे ना, ते बघा. जुना सेल काढल्यावर मिनिटभर थांबून नवा घाला, म्हणजे डबी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुना सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर जिवावर बेतू शकतं.

अर्धा संपलेला सेल थंडीत आणखी दुबळा होतो. जानेवारीत इथे पहाटे दाट धुकं असतं, पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा पहाटे मेलेला पट्टा दुपारी घरात चालतो आणि माणूस चक्रावून जातो. असं झालं की सरळ सेल बदला.

सेल लवकर का संपतो, याचंही कारण बहुतेकांच्या घरी खुंटीवर टांगलेलं असतं. डबी पट्ट्याला टिचबटणांनी लावलेली असते. दोन्ही बटणांमध्ये ओलावा असला की डबीला वाटतं, माणसाने पट्टा बांधलाय, आणि ती जागी राहते. घामट पट्टा डबीसकट टांगून ठेवला की ती तासन् तास काम करत बसते. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम डबी सोडवायची आणि बटणं पुसायची.

चौथी तक्रार: "मधे मधे तुटतं, किंवा घड्याळाला पट्टा सापडतच नाही." हा रेडिओचा मामला. पट्टा ब्लूटूथवर बोलतो, काही पट्टे अँट प्लस नावाच्या दुसऱ्या पद्धतीनेही बोलतात. ब्लूटूथवर बरेच पट्टे, विशेषतः जुने, एका वेळी एकाच यंत्राशी जोडले जातात. मोबाइलमधल्या ॲपने पट्टा आधीच धरून ठेवला असेल तर घड्याळ बिचारं शोधत राहतं. मोबाइलचं ब्लूटूथ बंद करून बघा. शिवाय या लहरी पाण्यात फार लवकर विरतात, आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. मोबाइल मागच्या खिशात असेल तर मधे आख्खा देह आडवा येतो. तो दंडाला किंवा पुढे ठेवा. गंगेत पोहणाऱ्यांना, विहिरीत पोहणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. पाण्याखाली घड्याळापर्यंत काही पोचत नाही. ठोके स्वतःच्या पोटात साठवून ठेवणारे पट्टे मिळतात, पोहण्यासाठी तेच घ्यावेत. समुद्रात आणखी एक अडचण. खारं पाणी दोन्ही काळ्या भागांना एकमेकांशी जोडून टाकतं आणि मोजायला फरकच उरत नाही.

गटाने धावणाऱ्यांसाठी एक सूचना. नवा पट्टा घड्याळाशी पहिल्यांदा जोडताना दहा-पंधरा मीटर बाजूला जा. नाहीतर घड्याळ शेजाऱ्याचा पट्टा पकडतं, आणि तुम्ही धापा टाकत असताना हातावर त्याचे शांत ठोके वाचत बसता.

एवढं करूनही जमत नसेल तर पट्टा आणि डबी वेगवेगळे तपासा. मित्राची तशीच डबी आपल्या पट्ट्याला लावून बघा. माझ्याकडे येतात त्यांत डबी ठणठणीत आणि कापडी पट्टा गेलेला, असंच बहुतेकदा निघतं. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी तो रोधावर ठेवून एक टोक टिचबटणाला आणि दुसरं त्याच बाजूच्या काळ्या भागाला लावावं. आकडा यायला हवा. घंटी वाजली नाही तरी चालेल, कारण रबराला थोडा रोध असतोच. मग डाव्या बटणापासून उजव्या बटणापर्यंत बघा. पट्टा पूर्ण कोरडा असताना इथे काहीच जोडणी दिसता कामा नये. दिसली तर घामाचा क्षार आत मुरलाय. धुवा, वाळवा, पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर पट्टा बदला. कंपनी बहुधा डबीशिवाय नुसता पट्टा विकते, सगळा संच घ्यायची गरज नसते.

पट्टा टिकवायचा तर रोज साध्या पाण्यात खळबळून काढा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा. कपडे मऊ करणारं द्रव, ब्लीच, स्पिरिट यांपैकी काही नको. पिळू नका, इस्त्री नको, कडक उन्हात नको. आमच्या श्रावण-भाद्रपदात गंगा पायऱ्या गिळत वर येते, घाट बंद होतात आणि सगळे विद्यापीठाच्या रस्त्यांवर धावायला येतात. त्या दिवसांत पट्टा ओला करावाच लागत नाही इतका घाम असतो. पण पट्टे खराब होतात ते याच दोन महिन्यांत, कारण ते कधी वाळतच नाहीत. मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. पंख्याखाली वाळवा.

आता दुसरी बाजू.

समजा पट्टा ओला आहे, घट्ट आहे, सेल नवा आहे आणि तरी आकडा पटत नाही. अशा वेळी पंच एकच, आपली तीन बोटं. थांबा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. लगेच मोजा, कारण थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. एक ठोका चुकला तर गुणाकारात चारचा फरक पडतो, तेव्हा पाच-सातचा फरक सोडून द्या. पण पट्टा म्हणतो १९० आणि नाडी म्हणते ११०, तर सामान्यतः दोष पट्ट्याचा. दोन्ही १९० म्हणत असतील तर पट्टा खरा आहे. आणि नाडी मोजताच येत नाही इतकी वेगवान किंवा वेडीवाकडी लागत असेल, तर तेच उत्तर समजा. तेव्हा पट्ट्याकडे बघत बसू नका.

बोटांनी फक्त वेग बघू नका, ताल बघा. आमच्यातले एक काका आहेत, साठी उलटलेले, रोज अस्सीहून दशाश्वमेधपर्यंत चालत जाऊन परत येणारे. त्यांचा पट्टा ८५, मग १४०, मग ९८, असा नाचायला लागला. सगळ्यांनी सल्ले दिले. त्यांनी सेल बदलला, मग पट्टा बदलला, मग दुसऱ्या कंपनीचा घेतला. तिन्ही वेळा तेच. माझ्याकडे आले तेव्हा मी पट्टा बाजूला ठेवून त्यांना पायरीवर बसवलं आणि नाडी धरली. दोन ठोके जवळ, एक लांब, पुन्हा तीन जवळ. कुठलाही ठेका नाही. त्यांना म्हटलं, काका, हे काम माझं नाही, डॉक्टरांचं आहे, आणि आजच जा. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं.

यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. बऱ्याच जणांना छातीत काही दुखत नाही, म्हणून कळतही नाही. काकांना गुठळी होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. ते आजही चालतात. त्यांचे तिन्ही पट्टे खरं बोलत होते.

दुसरा एक प्रकार असा. निरोगी हृदयाचा वेग चढणीसारखा वाढतो आणि उतारासारखा कमी होतो. तो १३०वरून एका क्षणात १९०वर गेला, काही मिनिटं तिथेच स्थिर राहिला आणि पुन्हा एका क्षणात खाली आला, तर दोन शक्यता असतात. एक, पट्ट्याचा घोळ. दोन, हृदयातल्या विजेने मधलीच एखादी वाट धरली आहे. आलेखावरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ते चालू असतानाच नाडी बघायची. त्या वेळी छातीत फडफडल्यासारखं वाटलं का, तेही ध्यानात ठेवा. वेळ लिहून ठेवा, आलेख जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पट्ट्याच्या आकड्यावरून निदान होत नाही. त्याला ईसीजी लागतो, कधी दिवसभर अंगावर बाळगायचा होल्टर लागतो. पण तुमची नोंद असेल तर डॉक्टरांना शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

उलटही होतं. काही आकडे विचित्र दिसतात, पण पट्टाही ठीक असतो आणि हृदयही. मे महिन्यात इथे लू वाहते तेव्हा नेहमीच्याच वेगाने धावलं तरी ठोके वाढलेले दिसतात. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, आणि हृदयाला जास्त वेळा पंप करावं लागतं. त्या दिवशी वेग कमी करा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके दम लागला तरी फारसे वाढत नाहीत. तो औषधाचा गुण, पट्ट्याचा दोष नव्हे. आणि २२० उणे वय हे सूत्र ढोबळ आहे. साठीच्या माणसाला ते १६० सांगतं. २०८मधून वयाचे सात दशांश वजा करायचं दुसरं सूत्र १६६ सांगतं. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. तेव्हा साठीत जोरात धावताना १७० दिसले, एवढ्यावरून पट्टा खोटा ठरत नाही, आणि तुम्ही आजारीही ठरत नाही.

पेसमेकर बसवलेल्यांनी पट्टा वापरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांतलं काही असेल तर पट्ट्यावर आकडा कितीही सुंदर असो, तिथेच बसा आणि १०८ला फोन करा. उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक तोच आहे.

तर क्रम असा लक्षात ठेवा. आकडा खटकला की आधी नाडी. नाडी शांत आणि पट्टा अशांत असेल, तर त्वचा, पट्टा, सेल, रेडिओ या ओळीने तपासत जा. नाडीही पट्ट्याच्या बाजूने बोलत असेल, तर पट्टा दुकानात नेऊ नका, स्वतःला डॉक्टरांकडे न्या.

आणि यासाठी थोडी तयारी आजच करा. जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसा, तीन बोटं ठेवा, मिनिटभर नाडी मोजा आणि आकडा वहीत लिहा. घरातल्या मोठ्यांचीही मोजा. आपल्या नाडीचा रोजचा ताल ओळखीचा असला, की तो बदलला तर तीन बोटांना आपोआप कळतं.